दोन धर्मांचं घर : मुलीला काय सांगू?

मदत हवी आहे. मी वसईची कॅथलिक, नवरा हिंदू. लग्न विशेष विवाह कायद्याखाली (१९५४), धर्म कोणीच बदललेला नाही. मुलगी ५ वर्षांची, धाकटा २. दिवेलागणीला ती सासूबाईंसोबत हात जोडते, रात्री माझ्यासोबत रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणते आणि गणपतीपुढे खुशाल क्रुसाची खूण करते. (सासूबाई हसतात, चिडते ती माझी आई!)

हल्ली एकच धोशा, ‘खरा देव कुठला?’ ‘दोन्ही’ म्हटलं, पटत नाही. ‘मोठी झालीस की तू ठरव’ म्हटल्यावर रडायलाच लागली. मुलांचा बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्मात घेण्याचा विधी) आम्ही दोघांनी विचार करूनच लांबवलाय, त्यामुळे ‘एक काय ते ठरवा’ हा सल्ला कृपया नको.

ज्यांच्या घरी असेच दोन धर्म आहेत, त्यांनी या वयाच्या मुलांना नेमक्या कुठल्या शब्दांत उत्तर दिलं?