खिशातला घडीचा चाकू: पहिला कोणता घ्यावा, आणि तुम्हाला यात नेमकं काय आवडतं?

पानगळ:
नमस्कार मंडळी,
आजोबांच्या टेबलाच्या खणात एक घडीचा चाकू सापडला. दोन पाती, हाडाची मूठ. मुठीवर खरबरीत नक्षी आहे, पण अंगठा टेकतो तेवढ्या जागेत ती घासून पार गुळगुळीत झाली आहे. मोठं पातं इतक्या वेळा पाजवलंय की आता धाकट्या पात्याएवढंच रुंद उरलंय. उघडायला घेतलं की निम्म्यात एकदा थबकतं, मग पुढे जाऊन टक् करून बसतं. गेले तीन आठवडे रोज रात्री ते टक् ऐकल्याशिवाय मी खण बंद करत नाही.

हा चाकू मी आहे तसा जपणार आहे. पण आता रोज जवळ बाळगायला माझा स्वतःचा एक हवा आहे. कामं साधीच: पार्सल उघडणं, दोरी कापणं, पेन्सिलीला टोक काढणं, फळ चिरणं, डोंगरात गेलं तर काटक्या सोलणं. कार्बन स्टील घ्यावं की स्टेनलेस? घाट, म्हणजे चाकूची ठेवण, कुठला? आणि एक मनापासून विचारते. एका हाताने उघडणारे, क्लिपने खिशाला अडकणारे नवे चाकू मिळत असताना तुम्ही लोक शंभर वर्षांपूर्वीच्या घाटाचेच चाकू का जमवता, का बाळगता? मलाही ओढ लागली आहे, पण कशाची ते सांगता येत नाहीये.

हातोडी:
आधी ते थबकणं आणि ते टक्.
या चाकूंना खटका, म्हणजे उघडलेलं पातं अडकवून धरणारी कळ, नसते. मुठीच्या पाठीत पोलादाची लांब स्प्रिंग असते, ती पात्याच्या बुडाला सतत दाबून धरते. बूड चौकोनी घडवलेलं असलं की काटकोनात स्प्रिंग त्याच्या सपाट बाजूवर टेकते, म्हणून पातं निम्म्यात थांबतं. मिटताना बोट वाचवायला हा थांबा फार कामाचा. पूर्ण उघडलं की स्प्रिंगचं टोक बुडावरच्या खाचेत पडतं, त्याचा तो आवाज.

जाणकार माणूस चाकू हातात घेतल्यावर पहिल्यांदा हेच बघतो. पातं न अडखळता फिरतंय का, आवाज भरीव येतोय का. मग पाठीवरून बोट फिरवून बघायचं: उघडा, अर्धा आणि मिटलेला, तिन्ही वेळेला स्प्रिंग मुठीच्या पाठीशी एकसपाट राहिली पाहिजे. बोटाला कुठेच पायरी लागली नाही तर समजायचं की कोणीतरी कानस घेऊन जीव लावून काम केलंय. माझी ओढ हीच आहे. सगळं यंत्र डोळ्यांसमोर आहे, एक स्प्रिंग, दोन-तीन खिळे, एक पातं. लपवायला जागाच नाही, त्यामुळे कारागीर चांगला की वाईट ते लगेच कळतं.

घाट म्हणाल तर स्टॉकमन बघा. तीन पाती: लांब टोकदार ‘क्लिप’, सरळ धारेचं ‘शीप्सफूट’ आणि बोथट टोकाचं ‘स्पे’. अमेरिकेतल्या गुरं पाळणाऱ्यांचा हा चाकू. स्पे पातं जनावरांचं खच्चीकरण करण्यासाठी असायचं, टोक भलतीकडे घुसू नये म्हणून मुद्दाम बोथट ठेवलेलं. पार्सल उघडायला मला तेच पातं सगळ्यांत आवडतं, आतल्या वस्तूला ओरखडा येत नाही. शीप्सफूट दोरी कापायला आणि लाकूड तासायला, क्लिप बाकी सगळ्याला. प्रत्येक जुन्या घाटामागे असं कोणाचं तरी रोजचं काम आहे. ते कळत गेलं की एकाचे चार कधी होतात ते समजतही नाही.

रेघोटी:
माझं मत वेगळं आहे. पहिला चाकू तीन पात्यांचा नको, एका पात्याचा घ्या. ओपिनेल, नंबर ८, कार्बन स्टीलचा.

जोसेफ ओपिनेलने फ्रान्सच्या सावोय भागात १८९० साली हा बनवायला घेतला, आणि आजही तो जवळपास तसाच आहे. लाकडी मूठ, पातळ पातं, गळ्याला पोलादी कडं. हे फिरणारं कडं १९५५ साली आलं. पातं उघडून कडं फिरवलं की ते पक्कं बसतं. आकार नंबराने ओळखतात, ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर. यात पाठीची स्प्रिंग नाही, पातं लाकडाच्या खाचेत नुसत्या घर्षणावर फिरतं. त्यामुळे हवा दमट असली की लाकूड फुगतं आणि पातं आवळून बसतं. त्यावर सावोयकरांची युक्ती आहे: कडं मोकळं करायचं आणि मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर हलकेच ठोकायचं. पात्याचं टोक बाहेर डोकावतं, मग नखाने उघडायचं.

मी चित्रं काढते. पेन्सिलीला टोक यंत्रात न काढता या चाकूने काढते. पातं पातळ असल्यामुळे लाकडाची लांब, सलग साल निघते, आणि शिसं हवं तेवढं, अगदी बोटाच्या पेरभर उघडं ठेवता येतं. काम सुरू करण्याआधीची ही पाच मिनिटं माझ्यासाठी फार मोलाची आहेत. त्या वेळात हात शांत होतो. कोणी विचारलं की चाकू का बाळगतेस, तर माझं उत्तर एवढंच आहे.

(पेन्सिलीवरून आठवलं: जपानच्या मिकी गावातला हिगोनोकामी बघून ठेवा. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, ना स्प्रिंग ना खटका, पात्यामागची छोटी दांडी अंगठ्याने दाबून धरायची. तिथल्या शाळकरी मुलांच्या कितीतरी पिढ्यांनी त्यावर पेन्सिली तासल्या.)

शांतवाट:
रेघोटी यांच्या ओपिनेलला +१. फक्त एक गोष्ट आधी बघा, जिथे राहता आणि जिथे प्रवास करता तिथला कायदा. खटक्याने पक्कं बसणारं पातं आणि नुसतं स्प्रिंगवर राहणारं पातं यांत अनेक ठिकाणी फरक केला जातो. ब्रिटनचं उदाहरण घ्या. तिथे ३ इंचांपर्यंतच्या धारेचा, खटका नसलेला घडीचा चाकू कारण न देता बाळगता येतो, पण कड्याने पक्का होणारा ओपिनेल या सवलतीत बसत नाही. आणि विमानात हातातल्या सामानात यांतला कुठलाच नको, मोठ्या बॅगेत टाकून ती चेक-इनला द्यायची.

रोज चार लोकांत वावरत असाल तर व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा अ‍ॅलॉक्स मुठीचा ‘कॅडेट’ किंवा ‘पायोनियर’ सुचवेन. मूठ ॲल्युमिनियमची, वर बारीक चौकड्यांची उठावदार नक्षी. १९६१ साली स्विस सैनिकांसाठी आलेल्या चाकूच्या घराण्यातला हा पायोनियर. पातं स्टेनलेस, गंजाची काळजी नाही. हातातला चाकू बघून कोणी दचकत नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पाती दोन हातांनी, नखाच्या खाचेत नख घालून, सावकाश उघडायची असतात. समोरच्याला कळतं की याला काहीतरी कापायचंय. मी अनोळखी माणसाला चाकू देतो तेव्हा मिटवूनच देतो, आणि परत घेताना तोही मिटवूनच देतो. हे कोणाला शिकवावं लागत नाही.

जुनी_पेटी:
मी तीस वर्षं जमवतोय, म्हणून थोडं लांबण लावतो.

आजोबांच्या चाकूला आधी हात जोडून विनंती: घासू नका. पॉलिश पेपर नको, चकाकवणारी पेस्ट नको. पात्याच्या बुडावर ठसा असेल, तो एकदा झिजला की चाकूचं नाव-गाव गेलं. नुसत्या सुती फडक्याला मिनरल ऑइल लावून पुसा, एक थेंब सांध्यात सोडा, दहा वेळा उघडमीट करा, काळं निघेल ते पुसून घ्या. ठसा दिसत नसेल तर अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरून बघा, उजेड तिरपा पडला की अक्षरं उठतात.

ठसा वाचणं हा जमवण्यातला निम्मा आनंद आहे. केस या अमेरिकन कंपनीने १९७० पासून ठशाखाली १० ठिपके द्यायला सुरुवात केली आणि दरवर्षी एक ठिपका कमी करत गेले. म्हणजे त्या दशकातल्या चाकूवर सात ठिपके दिसले की १९७३. त्यांचा आकडाही बोलतो. ६३१८ म्हणजे ६ हाडाच्या नक्षीदार मुठीचा, ३ पाती तीन, १८ हा स्टॉकमनचा घाट. भिंग घेऊन असा एखादा चाकू वाचला की त्या वर्षी तो नवा कोरा घेणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. हाडावरची ती खरबरीत नक्षीसुद्धा मुळात हरणाच्या शिंगासारखं दिसावं म्हणून कोरलेली.

आता माझी एक चूक सांगतो, तुमची होऊ नये म्हणून. जुन्या चाकूंच्या रंगीत, ढगाळ, शिंपल्यासारख्या चमकणाऱ्या मुठी पुष्कळदा सेल्युलॉइडच्या असतात. असा एक फार देखणा चाकू मी घट्ट झाकणाच्या डब्यात आणखी अकरा चाकूंसोबत ठेवला. वर्षभराने झाकण उघडलं तर कापरासारखा आणि त्यामागून आंबूस, नाकात झोंबणारा वास आला. मुठीला भेगा पडल्या होत्या, आणि तिच्या सगळ्यांत जवळच्या चार चाकूंच्या पात्यांवर तांबडा गंज चढला होता. जुनं सेल्युलॉइड विघटन होताना आम्लकारी वायू सोडतं, आणि बंद डब्यात तो आजूबाजूचं पोलाद खातो. त्या चारांतला एक माझ्या वडिलांचा होता. गंज निघाला, पण पात्यावर खड्डे राहिले. तेव्हापासून सेल्युलॉइड मुठीचा प्रत्येक चाकू मी वेगळा, उघड्या हवेत ठेवतो. चामड्याच्या म्यानातही चाकू कायमचा ठेवू नका, कमावलेल्या कातड्यातली रसायनं आणि ओल पोलादाला बाधते.

आणि लाग्योलच्या मोहात लगेच पडू नका. स्प्रिंगवर माशी कोरलेला तो फ्रेंच चाकू मला अतिशय प्रिय आहे. पण लाग्योल हे मुळात एका गावाचं नाव. त्या नावाखाली उत्तम कारागिरांचंही काम विकलं जातं आणि जेमतेम पत्र्याचंही. बघायची नजर आधी तयार होऊ द्या.

पानगळ:
एवढं सगळं वाचून भारावले आहे. जुनी_पेटी काका, वडिलांच्या चाकूचं वाचून खूप वाईट वाटलं. टॉर्चची युक्ती आज रात्रीच करते.

कार्बनवर थोडं आणखी सांगाल का? गंजेल या भीतीने धजत नाहीये. धार लावायलाही मला येत नाही.

हातोडी:
कार्बन स्टील गंजतं, हे खरं. पण वापरून लगेच पुसलं आणि अधूनमधून तेलाचं बोट फिरवलं तर सहसा तांबडं होत नाही. उलट करडा-निळा थर धरतं, त्याला पॅटिना म्हणतात, आणि तो थर तांबड्या गंजाला बऱ्यापैकी अडवतो. दगडावर कार्बन लवकर धार घेतं, म्हणून शिकायलाही ते सोपं.

धार अशी: दगड ओला करा, पातं साधारण १५ ते २० अंशांत टेकवा, आणि दगडाचा पातळ पापुद्रा सोलायचाय अशा बेताने पुढे सरकवा. कोन हलू देऊ नका, जोर लावू नका. थोड्या वेळाने पलीकडच्या बाजूला, धारेला आडवं बोट फिरवल्यावर बारीक खरखर लागेल. ती टोकापासून बुडापर्यंत सगळीकडे लागली की बाजू बदला. शेवटी अगदी हलक्या हाताने आलटून पालटून, मग चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढा. कागद आवाज न करता कापला गेला की झालं. शिकण्यासाठी आजोबांचा चाकू घेऊ नका, त्या पात्यात आता तासायला फारसं उरलेलं नाही.

रेघोटी:
मी पॅटिना मुद्दाम आणत नाही. काहीजण व्हिनेगरमध्ये पातं बुडवून एका रात्रीत आणतात, दिसतं छान. पण सफरचंदाने आणलेला डाग कुठला आणि आंब्याच्या कोयीने आणलेला कुठला हे मला माझ्या पात्यावर दाखवता येतं. तसं दुसरं पातं कोणाकडेच नाही.

पानगळ:
पाच आठवड्यांनी धाग्यावर परत आले. ओपिनेल नंबर ८, कार्बन घेतला. पहिल्याच दिवशी सफरचंद चिरलं, पुसलं, आणि तरीही टोकाजवळ निळसर जांभळी लाट उमटली. आधी जीव धसकला, मग हातोडी यांचं उत्तर परत वाचलं. आता रोज सकाळी ती कुठवर सरकली ते बघते. दगडावर दोनदा कोन चुकला, तिसऱ्यांदा ती खरखर बोटाला लागली आणि मी खुर्चीवरून उठून घरात सगळ्यांना बोलावलं.

आजोबांच्या चाकूचं सांगायचं राहिलं. टॉर्च आडवा धरल्यावर मोठ्या पात्यावर काही नाही, पण धाकट्या पात्याच्या बुडाशी ‘फील्ड’ एवढी अक्षरं दिसताहेत, आधीची झिजली आहेत. शेफील्ड असेल का?

जुनी_पेटी:
बहुतेक तेच. इंग्लंडमधलं शेफील्ड शतकानुशतकं चाकूंचं गाव आहे. जोसेफ रॉजर्स कंपनीने १८५१ च्या लंडनमधल्या मोठ्या प्रदर्शनासाठी ७५ पात्यांचा नॉरफोक चाकू केला तो तिथलाच. धाकटं पातं कमी वापरलं जातं, म्हणून तिथला ठसा टिकला असणार. त्याच पात्याची दुसरी बाजूही बघा, कंपनीचं चिन्ह कधी कधी तिकडे असतं. आणि मुठीच्या दोन्ही टोकांच्या धातूच्या टोप्यांचा जवळून फोटो टाका. एका टोकाला लांब आणि दुसरीकडे काहीच नाही असं असेल तर बार्लो घाट, आणि मग आपण बराच वेळ बोलू.

पानगळ:
एकाच टोकाला आहे! चांगली लांब, मुठीच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याएवढी. उजेड आला की फोटो काढते.