पोपची एवढी टिंगल करूनही इरॅस्मस सुटला कसा?

शंकेखोर:
डच विद्वान इरॅस्मसचं 'मूर्खपणाची स्तुती' वाचतोय, इंग्रजी भाषांतर, निम्मं झालंय. १५११ साली छापलंय आणि भिक्षूंपासून पोपपर्यंत कोणालाच सोडलेलं नाही. मला वाटायचं तेव्हा चर्चविरुद्ध ब्र काढला की माणूस सरळ चितेवर. मग हा कसा वाचला? लॅटिनमध्ये होतं म्हणून कोणाला कळलंच नाही का?

जुनी वही:
अहो उलट आहे, ज्यांची खेचलीये त्या सगळ्यांना लॅटिन येत होतं, येत नव्हतं ते बाजारातल्या माणसाला. म्हणजे भांडण घरातल्या घरात राहिलं. आणि खरी मेख बोलतंय कोण यात आहे. मूर्खपणाची देवी स्वतःच भाषणाला उभी राहून स्वतःची आरती ओवाळते, आता तिच्यावर चिडणार कोण, चिडला तो सापडला :) आपल्याकडच्या 'लेकी बोले सुने लागे'तला प्रकार. देव भोपळ्याच्या रूपात अवतरला असता तर त्याने प्रवचन कसं दिलं असतं, असले प्रश्न धर्मपंडित चघळतात तो भाग आला का? मी लोकलमध्ये वाचताना एकटीच हसत होते.

तिरकस:
अगदीच सुटला असंही नाही हं. लुव्हेन विद्यापीठातल्या मार्टिन डॉर्प या धर्मपंडिताने १५१४ मध्ये पत्र लिहून झापलं होतं, की धर्मशास्त्र शिकवणाऱ्यांना कशाला दुखावलंस. त्यावर याचं लांबलचक उत्तर आहे, त्यातला एक मुद्दा असा की मी नाव घेऊन कोणाला बोललोच नाही, दोषांना बोललोय. हुशार! पण पोप ज्युलियस दुसरा स्वर्गाच्या दाराशी येतो, स्वतःची किल्ली लावून बघतो, ती लागत नाही आणि संत पीटर त्याला आत घेत नाही, असा एक संवाद आहे ना, तिथे नाव उघड घेतलंय आणि नेमका तो निनावी आला. बरेच अभ्यासक तो त्याचाच मानतात, त्याने मात्र शेवटपर्यंत कबूल केलं नाही. वर वशिलाही होता, १५१६ चा बायबलचा ग्रीक नवा करार त्याने थेट पोप लिओ दहाव्याला अर्पण केला.

शंकेखोर:
म्हणजे नाव घेतलं नाही तर चालायचं? मग चर्चविरुद्ध बंड करून प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणारा ल्यूथर आल्यावर काय झालं?

जुनी वही:
तिथेच तर सगळं फिरलं. १५१७ ला ल्यूथरचं बंड सुरू व्हायच्या आधी हे म्हणजे आपल्याच घराची साफसफाई होती, नंतर तेच वाक्य शत्रूचं वाटायला लागलं. भिक्षू म्हणायचे अंडं इरॅस्मसने घातलं, ल्यूथरने उबवलं. यावर हा म्हणतो मी कोंबडीचं घातलं होतं, बाहेर पक्षी भलताच आला! १५२४ मध्ये त्याने ल्यूथरविरुद्ध लिहिलं सुद्धा, पण कॅथलिकांचा संशय काही गेला नाही आणि ल्यूथरवाले तर चिडलेच. इरॅस्मस १५३६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला वारला, अंथरुणावरच, आणि १५५९ मध्ये पोप पॉल चौथ्याने त्याची झाडून सगळी पुस्तकं बंदीच्या यादीत टाकली. लिओच्या वेळी चाललेलंच पुस्तक.

तिरकस:
+१. शंकेखोर, देवापुढच्या शेवटच्या न्यायाच्या दिवशी एक भिक्षू बढाई मारतो की मी हातमोज्यांचे दोन जोड घातल्याशिवाय पैशाला कधी हात लावला नाही, ते आलं का?

शंकेखोर:
नाही अजून, भोपळ्यापर्यंतच पोचलोय.