घरचा भरडा की कंपनीची गोणी?

शेडवाला_दारव्हा
2000 ब्रॉयलरचं (मांसाच्या कोंबड्यांचं) शेड आहे. एका बॅचला 50 किलोच्या 125-130 गोण्या लागतात, म्हणजे खर्चातले सत्तरेक टक्के खाद्यातच जातात. दुकानदार उधारीवर देतो, पण उधारीचा भाव वेगळा, अन् पक्षी उचलले की पहिले पैसे त्याचे. दिवाळीनंतर माझं सोयाबीन गेलं पडत्या भावात, आता त्याचीच ढेप मीच विकत घेतो! चक्की-मिक्सर घेऊन खाद्य घरीच बनवायचं म्हणतो.

वऱ्हाडी_गडी
नोको करू भाऊ. म्या केलं होतं. ऑक्टोबरात ओला मका सस्ता भेटला म्हणून भरला. आठ दिवसांनी गोणीत हात घातला तं आतून गरम! तरी दळून चारला. पक्षी वाढेचनात, मेलेले चिरून पाह्यले तं लिव्हर पिवळं. डॉक्टर म्हणे बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन. मक्यात ओल 14 टक्क्यांच्या वर नोको. अन् घरचं सोयाबीन कच्चं दळून टाकशीन तं पचत नाही, भाजाच लागते.

करारवाला
म्हणूनच कंपनीशी करार बरा. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, आपल्याला किलोमागे पाळणावळ, म्हणजे पक्षी वाढवायची मजुरी. मका वाढो की पडो, झोप लागते.

शेडवाला_दारव्हा
झोप? माझ्या चुलतभावाची खाद्याची गाडी दोन दिवस उशिरा आली. उसन्या गोण्या आणून भागवलं, अन् हिशेबात "खाद्य जास्त खाल्लं" म्हणून पाळणावळ त्याचीच कापली. मे महिन्यात 45 डिग्रीत पक्षी खातच नाही, वजन कुठून येणार?

अंडीवाला_मोताळा
माझ्या 5000 लेअर (अंड्यांच्या कोंबड्या) आहेत, रोज 11 गोण्या लागतात. मी घरीच बनवतो अन् परवडतं. पण मका ओल मोजायचं मीटर लावूनच घेतो, प्रीमिक्स (जीवनसत्त्व-खनिजांचं मिश्रण) तयार आणतो. लेअरचं एकच खाद्य महिनोन्‌महिने चालतं. ब्रॉयलरला वयाप्रमाणे प्री-स्टार्टर, स्टार्टर, फिनिशर, तिन्हीचं प्रोटीन वेगळं. 2000 पक्ष्यांसाठी मशीन दोन बॅचच्या मधात रिकामीच राहील. त्यात डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली, तेव्हापासून इथेनॉलवालेही मक्याच्या मागे.

मकावाला
मग काय बिघडलं? पहिल्यांदा आमच्या मक्याला गिऱ्हाईक वाढलं. 2025-26 चा हमीभाव 2400, तो तरी कुठं हाती पडते? 2021 मध्ये सोयाबीन दहा हजाराच्या घरात गेलं तं पोल्ट्रीवाल्यांनीच ओरडून 12 लाख टन जीएम (जनुक बदललेल्या सोयाबीनची) सोयापेंड बाहेरून आणायची परवानगी काढली. तेव्हा आमचं सोयाबीन नाही आठवलं?

शेडवाला_दारव्हा
माझंही सोयाबीनच होतं ना राजा! ओरडले ते मोठे, मी तेव्हा दहा हजाराची वाट पाहत पोते धरून बसलो अन् पडलो.
मोताळावाले भाऊ, आम्ही चौघं शेडवाले मिळून एकच मिक्सर घेतला तर? बॅचा पुढंमागं टाकू. तो मीटर कितीचा येते?

वऱ्हाडी_गडी
चौघांत उधारी कोण वसूल करणार, ते पहिले ठरवा. मीटर माह्याकडे पडून आहे, घेऊन जा.