डोळ्यात थेंब टाकण्याआधी कल्चर हवंच का?

चष्मिष्ट: डोळा लाल झाला, चिपडं यायला लागली की थेंब सुरू. माझं म्हणणं, स्वॅब (कापसाच्या काडीवर नमुना) घेऊन कल्चर-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे जंतू वाढवून त्याच्यावर कोणतं औषध चालतं ही तपासणी, केल्याशिवाय अँटिबायोटिक डोळ्यात जाऊच नये. माझ्या तीन बाटल्या बदलून झाल्या, मग स्वॅब घेतला. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू निघाला आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकपुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट, औषधाला दाद न देणारा. हे आधीच करायला काय हरकत होती?

पेट्रीडिश: लॅबमध्ये काम करते म्हणून लिहिते. साथीत येणारे डोळे बहुतेक अ‍ॅडिनोव्हायरसचे. तो विषाणू, तिथे जिवाणू वाढवायच्या प्लेटवर काय उगवणार? जिवाणूंचे साधे डोळेसुद्धा बरेचदा आठवडा-दहा दिवसांत आपोआप निवळतात. आणि त्या 'आर'चा एवढा धसका घेऊ नका. प्लेटवर ठेवलेल्या औषधाच्या डिस्कभोवती (चकतीभोवती) जंतू न वाढलेलं वर्तुळ आम्ही पट्टीने मोजतो. ते किती मिलिमीटर असलं की 'एस' (औषध चालतं) आणि किती असलं की 'आर', हे मुख्यतः औषध रक्तात किती पोचतं त्यावरून ठरलंय. थेंबाचा हिशोब वेगळा. ०.५ टक्के मॉक्सिफ्लॉक्सासिन म्हणजे मिलिलिटरमागे ५००० मायक्रोग्रॅम! रक्तात त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणून कागदावर 'आर' असूनही डोळा बरा झालेला दिसतो.

लेन्सवाली: ताई, हे पांढऱ्या भागापुरतं ठीक. मी लेन्स घालून झोपले, सकाळी बुबुळावर पांढरा ठिपका. डॉक्टरांनी तिथला भाग खरवडून प्लेटवर घेतला, लेन्सची डबीसुद्धा मागवली. निघाला स्युडोमोनास नावाचा जिवाणू. त्याच्यावर क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक मुळातच चालत नाही, आणि तो एक-दोन दिवसांत कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) विरघळवू शकतो. अशा वेळी 'आपोआप निवळेल' म्हणत बसायचं?

पेट्रीडिश: अजिबात नाही. बुबुळावर जखम, नवजात बाळ, ऑपरेशन झालेला डोळा, यांचं कल्चर हवंच. पण तुमचेही थेंब रिपोर्ट येईपर्यंत थांबवले नसतील.

लेन्सवाली: नाही. खरवडल्यावर लगेच, दर तासाला. रात्रीसुद्धा.

चष्मिष्ट: मग माझं तीन बाटल्यांत का गेलं नाही? थेंबात एवढं औषध असतं म्हणता ना!

पेट्रीडिश: असतं, पण अश्रू ते काही मिनिटांत धुऊन नेतात. दिवसातून किती वेळा टाकत होतात?

चष्मिष्ट: सांगितलं होतं चार वेळा. ऑफिसमुळे दोनदा व्हायचं. आणि लाली उतरली की बंद. तरीही, पहिल्याच दिवशी रिपोर्ट हातात असता तर निदान बाटल्या तरी बदलल्या नसत्या.

पेट्रीडिश: पहिल्या दिवशी कुठला रिपोर्ट? जंतू वाढायलाच एक दिवस लागतो, सेन्सिटिव्हिटीला आणखी एक.