कांजिण्या झालेल्या मुलीला रेल्वेने लग्नाला न्यावे का?

ठाणेकर (प्रश्न)

नमस्कार. सोमवारी सकाळी माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्या पोटावर आणि पाठीवर पुरळ दिसले आणि संध्याकाळी डॉक्टरांनी त्या कांजिण्या असल्याचे सांगितले. रविवारी अमरावतीला माझ्या नणंदेच्या मुलीचे लग्न आहे आणि माझी मुलगी करवली आहे. शुक्रवारी रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसची थ्री टायर एसीची आमची चार तिकिटे कधीच काढून झाली आहेत. परतीचा प्रवास रविवारी रात्रीचा आहे. आज बुधवारी तिचा ताप उतरला आहे आणि जेवणखाणही नीट चालू आहे, मात्र मानेवर आणि हातांवर पाण्याने भरलेले नवे फोड अजून येत आहेत.

घरात दोन मते आहेत. सासूबाई म्हणतात की माता आली आहे, कडुलिंबाचा पाला सोबत ठेवावा, अंगभर कपडे घालावेत आणि लेकराचा हिरमोड करू नये. माझ्या पतींचे म्हणणे असे की ताप नसताना डब्यातल्या लोकांना काही सांगण्याची गरज नाही, कारण उगाच घबराट होईल आणि कोणी तिकीट तपासनीसाकडे तक्रार केली तर मुलीसमोर शोभा होईल. मला हे पटत नाही. पण तिकिटाचे पैसे आणि नणंदेची नाराजी बाजूला ठेवून ठाम बोलता येईल इतकी माहितीही माझ्याकडे नाही. आम्हा दोघांना लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या आहेत. मुलीला ही लस दिलेली नव्हती, चार वर्षांच्या मुलाला एक डोस दिलेला आहे. लग्नघरी माझ्या धाकट्या जाऊबाई असतील, त्यांना सातवा महिना चालू आहे. अशा वेळी आपली जबाबदारी नेमकी कुठवर जाते, हे जाणकारांनी सांगावे.

बालरोगतज्ज्ञ, नाशिक

आपल्या मुलीला तपासलेले नसल्यामुळे औषधांबद्दल काही लिहीत नाही, ते आपल्या डॉक्टरांनीच ठरवावे. संसर्गाबद्दल मात्र स्पष्ट लिहितो.

कांजिण्यांचा संसर्ग पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतो आणि प्रत्येक फोडावर खपली धरेपर्यंत राहतो. याचा तापाशी संबंध नाही. ताप उतरला म्हणजे मूल सुटले, असा समज मी दवाखान्यात रोज ऐकतो आणि तो चुकीचा आहे. नवे फोड साधारण चार-पाच दिवस तुकड्यातुकड्यांनी येत राहतात, त्यामुळे एकाच वेळी अंगावर लाल ठिपके, पाण्याचे फोड आणि खपल्या असे तिन्ही दिसते. खपली धरण्यास बहुतेक मुलांना पुरळ आल्यापासून पाच ते सात दिवस लागतात. आज नवे फोड येत असतील, तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळे सुकतील अशी आशा धरू नये.

अंगभर कपड्यांनी फोड झाकले जातात, संसर्ग थांबत नाही, कारण हा विषाणू फोडांतल्या पाण्यातून तसा श्वासावाटे हवेतूनही पसरतो. मास्कने धोका काहीसा कमी होतो, परंतु आठ वर्षांचे मूल बंद काचांच्या डब्यात जेवणार, पाणी पिणार आणि रात्रभर झोपणार, तेव्हा मास्क किती वेळ तोंडावर राहील हे आपणच ठरवा. ज्यांना पूर्वी कांजिण्या होऊन गेल्या आहेत किंवा लसीचे दोन्ही डोस झाले आहेत, त्यांना सहसा भीती नसते. भीती आहे ती तान्ह्या बाळांना, प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णांना, पूर्वी कांजिण्या न झालेल्या गर्भवतींना आणि मोठ्या वयात पहिल्यांदा कांजिण्या होणाऱ्यांना. मोठ्या माणसांत आणि विशेषतः गर्भवतींमध्ये यातून न्यूमोनिया होऊ शकतो. बाळंतपणाच्या आधीच्या पाच दिवसांत किंवा नंतरच्या दोन दिवसांत आईच्या अंगावर पुरळ आले, तर नवजात बाळाला होणारा आजार फार गंभीर असतो. आपल्या जाऊबाईंना लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, हे आजच फोन करून विचारा. त्यांना आठवत नसेल, तर रक्ताच्या तपासणीतून प्रतिकारशक्ती आहे की नाही ते कळते.

आता ज्याच्याबद्दल आपण जवळजवळ विचारलेच नाही, त्या मुलाबद्दल लिहितो. या प्रश्नाचा अवघड भाग तोच आहे. मुलीला सोमवारी पुरळ आले, म्हणजे शनिवारपासून तिचा संसर्ग त्याच्यापर्यंत पोचलेला असू शकतो. कांजिण्या अंगात मुरण्याचा काळ १० ते २१ दिवसांचा असतो आणि पुरळाआधीचे दोन दिवस धरले, तर संपर्कात आलेले मूल आठव्या दिवसापासून दुसऱ्यांना संसर्ग देऊ शकते असे मानावे लागते. शनिवारपासून मोजल्यास आठवा दिवस नेमका लग्नाचा रविवार येतो. जाताना तो कोणाला काही देणार नाही, पण मांडवात आणि परतीच्या डब्यात ते खात्रीने सांगता येत नाही, आणि त्या वेळी त्याच्या अंगावर एकही फोड नसेल. एका डोसमुळे त्याला आजार झालाच तर बहुधा सौम्य होईल, तरी तो पसरू शकतो. संपर्कानंतर तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत दिलेली लस उपयोगी पडते, म्हणून दुसरा डोस देता येईल का हे आजच विचारून घ्या. ही लस सरकारी लसीकरण कार्यक्रमात नसल्यामुळे खाजगी दवाखान्यातच घ्यावी लागते. डोस दिला तरी त्याला लग्नाला नेऊ नये, असे माझे मत आहे.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो: तापासाठी मुलीला ॲस्पिरिन मुळीच देऊ नका.

परळची स्वयंसेविका

मी परळला कर्करुग्ण मुलांच्या कुटुंबांना राहण्याची आणि प्रवासाची मदत करते, म्हणून आपल्याच गाडीबद्दल लिहिते. विदर्भातून टाटा रुग्णालयात येणारी कितीतरी कुटुंबे घरी परतताना दादरला याच गाडीत बसतात आणि अकोला, बडनेरा, अमरावतीला उतरतात. रेल्वे कर्करुग्णांना स्लीपर आणि थ्री टायर एसीचे पूर्ण भाडे माफ करते आणि सोबतच्या एका माणसाला पंचाहत्तर टक्के सवलत देते. त्यामुळे केमोथेरपी घेऊन परतणारे मूल आपल्याच डब्यात असणे मुळीच असंभव नाही. टोपी घातलेले, आईच्या मांडीवर डोके ठेवून झोपलेले एखादे मूल आपण पाहिलेही असेल. रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या मुलाला कांजिण्या झाल्या, तर त्या फुप्फुसापर्यंत आणि यकृतापर्यंत जाऊ शकतात, त्याला रुग्णालयात दाखल करून शिरेतून औषध द्यावे लागते आणि केमोथेरपी थांबवावी लागते.

आपल्या पतींचे म्हणणे मी समजू शकते, शोभा कोणालाच नको असते. परंतु न सांगण्याचा खरा परिणाम काय होतो, याचा विचार त्यांनी करावा. अशा मुलाचा कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क आल्याचे आईवडिलांना वेळेत कळले, तर डॉक्टर प्रतिपिंडांचे, म्हणजे तयार अँटीबॉडीजचे, इंजेक्शन देऊ शकतात. ते जितके लवकर दिले तितके चांगले आणि दहा दिवसांनंतर त्याचा उपयोग राहत नाही. डब्यात कोणी काही बोलले नाही, तर त्या आईवडिलांना आपल्याला काही करायला हवे होते हेही कळत नाही. दोन आठवड्यांनी मुलाच्या अंगावर फोड येतात आणि ते कुठून आले याचा पत्ता कोणालाच लागत नाही. आपली मुलगी आठवडाभरात बरी होईल, आणि व्हावीच. तिच्या घरच्यांसमोर निवड आहे. शेजारच्या बर्थवरच्या आईला ती कोणी दिलेलीच नसते. कांजिण्या होणे हा कोणाचाही दोष नाही, पण माहीत असताना लपवून डब्यात बसणे हा मला दोष वाटतो आणि तो मी सौम्य शब्दांत सांगू शकत नाही.

वकील, सातारा

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ५६ नुसार, नियमांत नमूद केलेला संसर्गजन्य आजार असलेल्या व्यक्तीला अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याच्या परवानगीशिवाय डब्यात चढता किंवा थांबता येत नाही. परवानगी देणाऱ्याने त्या व्यक्तीला इतर प्रवाशांपासून वेगळे बसवण्याची व्यवस्था करायची असते. परवानगी न घेता प्रवास केल्यास तिकीट जप्त करून रुग्णाला आणि त्याच्या सोबत्यालाही गाडीतून उतरवता येते. जीवितास धोकादायक असा रोग निष्काळजीपणाने पसरवण्याबद्दल पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २६९ होते. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम २७१ आले आहे आणि शिक्षा सहा महिन्यांपर्यंतची कैद, दंड किंवा दोन्ही अशी आहे. घरोघरी होणाऱ्या कांजिण्यांसाठी हे कलम लागेल का, यावर न्यायालयात वाद घालता येईल आणि प्रत्यक्षात अशी फिर्याद कोणी करत नाही.

तरीही एक जुना निकाल इथे सांगण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रास उच्च न्यायालयापुढे कृष्णप्पा नावाच्या माणसाचे प्रकरण आले होते. आपल्याला कॉलरा झाला आहे हे माहीत असूनही त्याने रेल्वे अधिकाऱ्यांना न सांगता प्रवास केला, म्हणून त्याला २६९ खाली दोषी धरले गेले. आणि हे माहीत असताना त्याचे तिकीट काढून त्याच्यासोबत प्रवास करणाऱ्याला अपप्रेरणेबद्दल, म्हणजे गुन्ह्याला साथ दिल्याबद्दल, दोषी धरले गेले. इथे आजारी व्यक्ती आठ वर्षांची आहे, तेव्हा सांगण्याची जबाबदारी संपूर्णपणे तिकीट काढणाऱ्यांची, म्हणजे आपली आहे.

आश्रमशाळेतील शिक्षक

वरच्या तिन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, तरी एक बाजू राहून जात आहे असे वाटते. ठाणेकर ताईंना घरी थांबणे शक्य आहे, त्यांच्याकडे स्वतंत्र खोली आहे आणि थांबल्याने रोजगार बुडत नाही. आमच्या भागात हे नेहमी असे नसते. मी पूर्वी एका निवासी शाळेत होतो, तिचे नाव लिहीत नाही. तिथे वसतिगृहात कांजिण्यांची साथ आली की मुलांना घरी पाठवण्याचा आदेश निघत असे. ताप असलेली मुले पत्र्याची पेटी आणि अंथरुणाची गुंडाळी घेऊन स्टँडवर तासन् तास बसत आणि खच्चून भरलेल्या एसटीने आपापल्या पाड्यावर जात. घरी नुकतीच बाळंत झालेली बहीण किंवा वहिनी असे. त्या मुलांना बेजबाबदार म्हणता येणार नाही. जबाबदारी त्यांना स्वतंत्र खोली आणि दोन वेळचे जेवण देऊन शाळेतच ठेवून घेण्याची होती आणि ती पार पाडली गेली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

दुसरे असे, की ही चर्चा वाचून कोणी क्षयरोग्यांकडे बोट दाखवू नये. फुप्फुसाच्या क्षयाचा रुग्ण योग्य उपचार सुरू झाल्यावर साधारणपणे काही आठवड्यांतच संसर्गाच्या दृष्टीने बराचसा निर्धोक होतो, आणि त्याला औषधे, तपासण्या व मजुरी यांसाठी प्रवास करावाच लागतो. क्षय औषधांना दाद देत नसेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय लांबचा प्रवास करू नये. एवढे नक्की, की सांगणाऱ्याला डब्यातून हाकलणारा समाज लोकांना लपवायला शिकवतो. ताई, आपण डब्यात सांगितले असते आणि लोकांनी मुलीकडे तिरस्काराने पाहिले असते, तर तो दोष त्या लोकांचा ठरला असता.

ठाणेकर

सर्वांचे मनापासून आभार. परळच्या ताईंचे उत्तर मी घरात मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यानंतर कोणी वाद घातला नाही. मी दोन्ही मुलांसह ठाण्यातच थांबते, पती आणि सासूबाई लग्नाला जातील. नणंदेला मी स्वतः फोन केला. तिला वाईट वाटले, पण जाऊबाईंचा विषय काढताच तिनेच मुलांना आणू नको म्हणून सांगितले. जाऊबाईंना लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या, हे त्यांच्या आईने खात्रीने सांगितले. मुलाला आज संध्याकाळी दुसरा डोस मिळाला. समृद्धी महामार्गाने स्वतःच्या गाडीतून जाण्याचाही विचार मनात आला होता, परंतु त्याने फक्त रेल्वेतल्या लोकांचा प्रश्न सुटला असता, मांडवातल्यांचा नाही.

आता दुसरी काळजी आहे. पुरळ दिसण्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, मुलगी आमच्याच इमारतीत एका वाढदिवसाला दोन-तीन तास होती. तिथे दहा-बारा मुले होती आणि ज्यांच्या घरी वाढदिवस होता त्या गर्भवती आहेत. त्यांना आता सांगून काही उपयोग आहे का, की नुसती भीतीच वाढेल?

बालरोगतज्ज्ञ, नाशिक

उपयोग आहे आणि आज रात्रीच सांगा. त्या बाईंना आधी स्वतंत्र फोन करा, सोसायटीच्या ग्रुपवर वाचून त्यांना कळायला नको. रविवारी किती वाजल्यापासून किती वेळ मुलगी घरात होती आणि पुरळ सोमवारी सकाळी दिसले, एवढे नेमके सांगा, म्हणजे त्या उद्या सकाळीच आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारू शकतील. त्यांना पूर्वी कांजिण्या झाल्या नसतील, तर रक्ततपासणी आणि गरज पडल्यास प्रतिपिंडांचे इंजेक्शन यासाठी पुरेसे दिवस हाताशी आहेत. गर्भवतींना कांजिण्यांची लस देत नाहीत, म्हणून ऐकीव माहितीवर त्यांनी ती घेऊ नये.

इतर पालकांना संपर्काची तारीख कळवा. ज्या मुलांना लस मिळालेली नाही, त्यांना शुक्रवारपर्यंत ती देऊन घेण्यात अर्थ आहे. त्या घरांपैकी कोणाकडे तान्हे बाळ, केमोथेरपी घेणारे किंवा बराच काळ स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असलेले कोणी असेल, तर त्यांनी लगेच आपल्या डॉक्टरांशी बोलावे, हेही लिहा. प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर वाढदिवसानंतरच्या आठव्या दिवसापासून, म्हणजे पुढच्या सोमवारपासून, एकविसाव्या दिवसापर्यंत लक्ष ठेवायचे आहे आणि त्या काळात कोणी प्रवासाला निघणार असेल, तर त्यांना हा हिशेब आधीच माहीत असायला हवा.