हेदवीच्या बामणघळीचे फोटो : भरती कधी गाठावी?

पुणेकर_पायपीट

नमस्कार मंडळी. गणपती झाले की गुहागरकडे यायचा विचार आहे. हेदवीच्या बामणघळीत लाट शिरून वर उसळते, त्याचे फोटो काढायचेत. साधा डीएसएलआर आणि १८-१३५ची लेन्स आहे. मुलीकडे फोन.

अडचण अशी की समोर पाहताना अंगावर काटा येतो आणि फोटोत सगळं राखाडी, सपाट दिसतं. हरिहरेश्वरला हाच अनुभव आला. मला संध्याकाळच्या सोनेरी उजेडात उधाणाची भरती हवी आहे. त्यासाठी कुठली तारीख धरू? पेपरात साडेचार मीटरच्या लाटांचे दिवस छापून येतात, तेच बघायचे का?

दादर_चौपाटी

शटर १/१००० किंवा त्याहून जलद ठेवा, म्हणजे थेंब न् थेंब सुटा दिसेल. बर्स्टवर टाका, म्हणजे बटण दाबून धरलं की सलग फोटो निघतात, आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. राखाडी येतंय कारण कॅमेरा पांढरा फेस बघून फोटो काळवंडवतो. एक्स्पोजर (उजेडाचं माप) पाऊण ते एक स्टॉप प्लस करा, म्हणजे फोटो उजळेल. बाकी भरतीचं तिकडचेच लोक सांगतील. आमच्याकडे मरीन ड्राइव्हला पोलीस कठड्याजवळ उभंही राहू देत नाहीत, आणि ते बरंच आहे.

खडपावरची

मी इथलीच, लग्न होऊन आले तेव्हापासून. घरगुती खाणावळ आहे, आणि दुपारची भांडी उरकली की कॅमेरा घेऊन खडपांवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळांवर, जाते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

दादा, तुम्ही मागताय ते आपल्या किनाऱ्यावर मिळतच नाही. उधाण येतं पुनवेला आणि अवसेला, बरोबर? आता जुना हिशोब करा, तिथीची पाऊणपट. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे उधाणाची भरती सव्वाअकराच्या आसपास, एकदा दुपारी आणि एकदा मध्यरात्री. उलट संध्याकाळी सहाला भरती हवी तर आठ पाऊणे सहा, म्हणजे अष्टमी. आणि अष्टमीला भांगाची भरती, पाणी जेमतेम चढतं. सोनेरी उजेड आणि पुरं उधाण एका वेळी यायचं नाही, कितीही तारखा शोधा.

मग मधलं काहीतरी धरायचं. मी पंचमी-षष्ठी धरते. भरती पावणेचार ते साडेचारच्या सुमारास पुरी होते, उधाणाचा जोर थोडा उरलेला असतो आणि पाणी उतरायला लागलं तरी तासभर घळीत लाटा खेळतात. तोवर ऊन तिरकं होतं. हिशोब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. निघण्याआधी रत्नागिरीचं भरतीचं वेळापत्रक बघा, मुंबईचं नको. तिकडची भरती आमच्यापेक्षा उंच चढते आणि वेळही वेगळी.

आता ते साडेचार मीटर. पेपरवाले दरवर्षी "साडेचार मीटरच्या लाटा उसळणार" म्हणून छापतात. अहो, ती लाटेची उंची नव्हे, भरतीच्या पाण्याची पातळी आहे. समुद्र शांत असला तर साडेचार मीटरच्या भरतीलाही पाणी नुसतं हलत उभं असतं. लाटेसाठी हैदराबादच्या इन्कॉइसचा, म्हणजे समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेचा, अंदाज बघा. त्यात लाटेची उंची असते आणि दोन लाटांमधला सेकंदांचा वेळही असतो. मी उंचीपेक्षा तो वेळ आधी बघते. पाच-सहा सेकंद असला तर वाऱ्याने खवळलेलं पाणी, नुसती चुळबूळ. बारा-चौदाच्या पुढे गेला की लाट लांबून चालत आलेली असते आणि खडकावर आपटते ती पुऱ्या वजनाने.

जागेचं सांगते. उमामहेश्वराच्या देवळामागून खडपांवरून चालत गेलात की घळ लागते. काळ्या कातळातली अरुंद चीर आहे. लाट तोंडातून आत शिरते, दोन्ही बाजूंनी आवळली जाते, आणि शेवटच्या भिंतीवर आपटली की जायला वाट एकच उरते, वरची. म्हणून लाट आत शिरताना शटर दाबू नका. सगळे तिथेच दाबतात आणि तुषार वर येईपर्यंत बर्स्ट संपलेला असतो. फोकस आधीच घळीच्या शेवटच्या काठावर धरून मॅन्युअलला टाका, नाहीतर कॅमेरा तुषारांमागे धावत बसतो.

सपाट दिसण्याचं एक कारण दादरवाल्यांनी सांगितलं. दुसरं मला त्याहून मोठं वाटतं. ढगाळ दिवशी पांढऱ्या आभाळावर पांढरे तुषार, दिसणार काय? तुषारांमागे काळा कातळ किंवा गडद पाणी येईल अशी जागा शोधा. बहुतेक वेळा त्यासाठी समुद्राकडून मागे सरून जरा उंचावर चढावं लागतं. फोटोही चांगला, जीवही सुरक्षित. ऊन असेल तर मात्र उलट करा. आपला किनारा पश्चिमेकडचा, चारनंतर सूर्य पाण्याच्या मागे असतो. फुटण्याआधी लाटेची कड पातळ होते ना, तिच्यातून उजेड आरपार येतो आणि पाणी कैरीच्या सालीसारखं हिरवं दिसतं. तेव्हा प्लस-बिस काही करू नका, उलट मायनस करा, नाहीतर कड जळून पांढरी होते.

हे हिरवं पाणी आषाढात मिळत नाही, तेव्हा खाड्यांचा गाळ उतरून सगळं चहाच्या रंगाचं असतं. भाद्रपदाच्या अखेरीस निवळतं आणि लाटांचा जोर अजून पुरता गेलेला नसतो. पितृपक्षात या. गर्दी नसते आणि वद्य पंचमी-षष्ठी त्यातच येते.

आणि हे नीट वाचा. पोचलात की कॅमेरा पिशवीतच ठेवून वीस मिनिटं नुसतं बघा. मोठ्या लाटा घोळक्याने येतात, तीन-चार, मग बराच वेळ काही नाही. "सातवी लाट मोठी" वगैरे काही खरं नाही, आकडा ठरलेला नसतो. शांत वेळेत माणसं पुढे सरकतात आणि घोळका तिथेच गाठतो. ओल्या कातळावर उभं राहायचं नाही. भरती चढत असेल तर कोरड्या कातळाचाही भरवसा नाही, कारण अर्ध्या भरतीला पाणी सगळ्यात वेगाने चढतं आणि परतीची वाट मागून बुडते. चपलेचा तळ खडबडीत हवा. शेवाळावर पाय सरकला की हात जातो तो थेट कालवांवर, आणि कालवं सुरीसारखी कापतात.

दादर_चौपाटी

ताई, सविस्तर प्रतिसाद. साडेचार मीटरचं आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो, दर जुलैला तिथे कल्लोळ असतो. शटर सेकंद-अर्धा सेकंद उघडं ठेवून फोटो काढता का कधी?

खडपावरची

काढते, पण घळीचे नाही. तिथे नुसता धूर दिसतो. वेळणेश्वरच्या बाजूच्या खडपांवरून पाणी परत समुद्रात ओघळताना पाव-अर्धा सेकंद छान दिसतो, पांढऱ्या रेघा उतरतात. ट्रायपॉड पुळणीच्या वाळूवर लावू नका, प्रत्येक लाटेसरशी पाय खाली रुततात.

पुणेकर_पायपीट

ताई, खूप आभार. संध्याकाळचं उधाण डोक्यातून काढलं. वद्य पंचमी धरून सुट्टी टाकतो. दोनच प्रश्न. खाऱ्या तुषारांनी लेन्सचं काय होतं? आणि मुलीच्या फोनवर काही जमेल का?

खडपावरची

लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर चढवा. खार वाळला की कोरड्या फडक्याने पुसायचं नाही, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्याने ओलं केलेलं फडकं, मग कोरडं. कॅमेऱ्याचं अंगही तसंच पुसा, त्याच रात्री. आणि गाडीतल्या एसीतून थेट बाहेर काढू नका, काच धुरकटते. पिशवीतच अर्धा तास राहू द्या.

फोनवर फेसावर बोट दाबून धरायचं, फोकस तिथे अडकतो, मग बोट खाली ओढून उजेड कमी करायचा. हळू गतीचा व्हिडिओ काढला तर बामणघळ फोनवर कॅमेऱ्याहून बरी दिसते, हे माझं मत.

जयगडहून येणार असाल तर तवसाळची फेरीबोट धरा, लांबचा वळसा वाचतो. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. जेवणाचंही आदल्या दिवशीच कळवावं लागतं, पक्षात मी मासे मोजकेच आणते.