मदत हवी आहे: समुद्राचं आम्लीकरण चार पानी कॉमिकमध्ये कसं दाखवावं?

पानाला 5-6 चौकटी, एका फुग्यात जास्तीत जास्त 20 शब्द. दुसऱ्या पानावर गाडी अडली आहे. औद्योगिक काळाआधी समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा, तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण 8.2 होता, आता 8.1 च्या आसपास. वाचक म्हणणार, ‘एवढंच?’ पण पीएचची मोजपट्टी लॉगरिदमिक (एका अंकाचा फरक म्हणजे दहापट) असल्याने हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लता ठरवणारे भारित कण, सुमारे 26 टक्क्यांनी वाढलेत. आधी 4 ठिपके, नंतर 5, एवढ्यावर भागेल का? आलेख टाळायचाय, तो दिसला की लोक पान उलटतात.

दुसरा घोळ शिंपल्याचा. विरघळता शिंपला काढला की चित्र झकास होतं, पण वाचक समजतो समुद्र ॲसिड झाला. पाणी तर अजून 7 च्या वर, म्हणजे अल्कधर्मीच. खरी गोम अशी की वाढलेले हायड्रोजन आयन कार्बोनेटला धरून बायकार्बोनेट करतात आणि कवच बांधायला माल कमी पडतो. हायड्रोजनला पात्र केलं तर तो खलनायक वाटतो. पाण्यात विरघळून हे आयन वाढवणारा कार्बन डायऑक्साइड बाजूलाच राहतो.

आयन रंगाऐवजी आकाराने वेगळे ठेवलेत, झेरॉक्समध्ये रंग जातात म्हणून. ही ‘पळवापळवी’ दोन चौकटींत कोणी बसवली आहे का? कच्चं रेखाटनही चालेल.